कळवतो म्हन्ते

भाऊच्या मुलाखतीचा निकाल अमरावतीच्या राजकमल चौकातल्या आमच्या चहाच्या टपरीवर कचोऱ्या मोजून कळतो. पुण्याहून तो महाराष्ट्र एक्स्प्रेसनं परततो आणि वाटेत शेगाव लागतं. मुलाखत बरी गेली असेल तर आमच्यासाठी डझनभर कचोऱ्या येतात. वाईट गेली तरी तो घेतो डझनभरच, पण बडनेरा यायच्या आत एकटाच संपवतो. भाऊ रिकाम्या हातानं दिसला की कुणी काही विचारत नाही. चहावाला न सांगता एक कट पुढे सरकवतो.

अमरावती असो की अकोला, असा एक भाऊ प्रत्येक चौकात असतो. इंजिनिअरिंग झालेलं, वय तिशीपुढे, फाईल प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी कापडदुकानाची. बाकीचे लोक कुणी वेल्डिंगसाठी, कुणी शिकवण्यासाठी ओळखले जातात, हा मुलाखतीसाठी. आजवर किती दिल्या हे तो सांगत नाही. 'कचोऱ्याइले भागून घ्या,' म्हणतो.

गल्लीतले पोट्टे त्याच्याकडे शिकायला येतात आणि फी म्हणून चहा पाजतात. भाऊ सांगतो, "कमजोरी इचारली तं 'मी लय मेहनत करतो' असं नको सांगू बे. ते सारेच सांगतात. गणित कच्चं आहे म्हन, अन् मंग हिशोबाच्या जागेले अर्जच नको करू." या शिकवणीवर तिघं लागले. एक हिंजवडीत, एक बंगळुरूत, आणि तिसरा तर आता स्वतःच मुलाखती घेतो. भाऊ मात्र तिथंच. कारण तो स्वतः खरी उत्तरं देतो, आणि तीही सविस्तर.

पुण्यातल्या एका बाईंनी त्याला विचारलं, "सध्या काय करता?"

"नोकरी शोधून राहिलो."

"कुठे राहिलात?"

"राहिलो नाई मॅडम, शोधून राहिलो."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. भाऊला वाटतं त्या पत्ता लिहीत होत्या.

वाचन त्याचं दांडगं. अमेरिकेत एडिसननं १९२१ मध्ये नोकरी मागायला आलेल्यांना दीडशेच्या आसपास प्रश्नांची परीक्षा घातली होती आणि पदवीधरसुद्धा त्यात आपटत होते, हे आम्हाला त्यानंच सांगितलं. त्याच वर्षी बोस्टनला गेलेल्या आइन्स्टाइनला त्यातलाच ध्वनीच्या वेगाचा प्रश्न विचारला गेला. पुस्तकात मिळतं ते मी डोक्यात वागवत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. "हेच मी मुंबईले सांगतलं," भाऊ म्हणतो, "तं त्याहीनं पुढच्या पोराले आवाज देला."

केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या, वशिल्याला आळा बसावा म्हणून. सारं वऱ्हाड खूश झालं. भाऊ दोन दिवस टपरीवर फिरकला नाही. आयुष्यभर कव्वाली शिकलेल्या माणसाला गाणं बंद, फक्त पेटी वाजवा, असं सांगितल्यासारखं त्याला झालं होतं. खाजगी कंपन्यांमुळे तेवढा निभाव लागला. तिथं चार-चार फेऱ्या असतात आणि एका फेरीपासून दुसरीपर्यंतचा प्रवास मूर्तिजापूरच्या शकुंतला रेल्वेच्या चालीनं होतो. ती बिचारी निदान अचलपूरला पोचायची तरी.

पण त्याची खरी गाजलेली मुलाखत अकोल्याची. मे महिना, वेळ दुपारी दोनची. अकोल्यात मे महिन्यात दोन वाजता कुत्रंसुद्धा कोर्टाचं समन्स असल्याशिवाय बाहेर पडत नाही. भाऊ स्टेशनावरून चालत निघाला. डोक्याला दुपट्टा, गळ्यात टाय, आणि ऊन लागू नये म्हणून आईनं पँटच्या खिशात घातलेला कांदा. आत गेला तर खोलीत एसी, समोर तीन साहेब, तिघंही बाहेरगावचे. दुपट्टा त्यानं सोडला, पण कांद्याचं भान राहिलं नाही. प्रमाणपत्रं काढायला वाकला आणि कांदा खिशातून निसटून घरंगळत थेट मधल्या साहेबांच्या बुटाला जाऊन लागला.

"हे काय आहे?"

"कांदा, सर."

"ते दिसतंय. कशासाठी?"

मग भाऊ जो सुटला! ऊन कसं लागतं, कांदा कोणत्या खिशात ठेवायचा, पन्हं कधी प्यायचं, दुपट्टा कानावरून का घ्यायचा. अर्धा तास. डाव्या साहेबांना सकाळपासून गरगरत होतं, त्यांनी कांदा मागून घेतला. उजव्यांनी दुपट्टा बांधून पाहिला. पदाबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नाही. निघताना तिघंही उठून उभे राहिले आणि म्हणाले, "कळवतो."

त्या दिवशी भाऊ उलट्या दिशेची गाडी धरून शेगावला गेला आणि दोन डझन घेऊन आला. अजून कळवलेलं नाही. कांदाही परत आला नाही.

सवय इतकी अंगात मुरली की लग्नासाठी परतवाड्याला मुलगी पाहायला गेला तेव्हाही फाईल बरोबर. मुलीच्या वडिलांनी "आम्ही कळवतो" म्हटलं, तर हा चटकन उठला, "थँक्यू सर" म्हणाला आणि पुढच्या उमेदवाराला आत पाठवू का, असं विचारून बसला.

मी एकदा त्याला विचारलंच, भाऊ, तुले कंटाळा नाही येत? तो कपातला चहा फिरवत राहिला. "घरी मले आजवर कोनी इचारलं का, का पाच सालानं तू कुठी असशीन? बाबा इचारतात, लाईटचं बिल भरलं का. अन् तिथं तीन शिकेल मानसं समोर बसून इचारतात, सांगा तुमच्याबद्दल. कपभर पानी ठेवतात. जाच लागते राजेहो."

गेल्या महिन्यात त्याची नव्या पद्धतीची मुलाखत झाली. घरीच, लॅपटॉपवर. समोर माणूस नव्हता. पडद्यावर प्रश्न उमटायचा, कोपऱ्यात दोन मिनिटांचं घड्याळ उलटं चालायचं, उत्तर रेकॉर्ड व्हायचं. 'स्वतःबद्दल सांगा' या प्रश्नावर भाऊ अजून वडिलांपर्यंतच पोचला होता, तेवढ्यात वेळ संपली. शेवटी पडद्यावर अक्षरं आली, आम्ही कळवू.

संध्याकाळी टपरीवर आला तो नुसता बसून राहिला.

"समोर कोनीच नाई बे," तो म्हणाला. "मानसानं हसावं कोनाकडं पाहून? खिशातून कांदा पडला असता तं पाह्यलं कोनं असतं?"

आम्ही गप्प. मुलाखत घरातच झाल्यामुळे गाडी नव्हती, शेगाव नव्हतं, म्हणजे कचोऱ्याही नव्हत्या. बरी गेली की वाईट, हे मोजायला आमच्याकडे काहीच नव्हतं. चहावाल्यानं एक कट पुढे सरकवला.