ओसरीवरची ट्यूशन

"काकू, काल संध्याकाळी तुमच्याकडे कायची गर्दी होती जी? फाटकाबाहेर चपलाच चपला!"

"आमच्याकडे नाई वं माय, बाजूच्या घरी. त्यांची मोठी पोरगी एम.एस्सी. करून आली ना नागपूरवरून, ओसरीवर दहावीची गणिताची ट्यूशन चालू केली तिनं. घरचे लग्नाचं पाहून राहिले, हे म्हणते आधी बी.एड. करतो."

"हाव का! आमच्या पोट्ट्याले सराव परीक्षेत बीजगणितात ४० पैकी ९ पडले. त्याचे बाबा म्हणते, हिंगणघाटच्या क्लासले टाकू."

"अन् यष्टीमागं कोण पळन? शाळा सुटल्यावर तिकडं जाईन, रात्री झोपेले येईन. अभ्यास कवा करन?"

"मंग शाळेतल्याच एखाद्या सरांले इचारू का?"

"हळू बोल! मास्तरले खाजगी ट्यूशन घेताच येत नाई. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा हाये ना, त्याच्या २८ व्या कलमात लिवलं हाये. आमचा भाचजावई मास्तर हाये, त्यानंच सांगतलं. अन् मोठ्या क्लासचंही सांगतो, १६ वर्षांच्या आतलं पोरगं घेऊ नका म्हणून दिल्लीवाल्यांनी २०२४ च्या जानेवारीत नियमावली काढली. पण ते ५० च्या वर पोट्टे असन त्या क्लासले. ओसरीवरच्या आठ-दहाले कोण इचारते!"

"पण ते पोरगी शिकवते कशी?"

"मी कुंपणापाशी भाजी निवडत बसतो तं आयकू येते. परवा सांख्यिकी होती. तिनं पाच बायांचा एका दिवसाचा कापूस मांडला : २०, २२, २४, २६ अन् ५८ किलो. सारे मिळून १५०, म्हणून मध्य ३०. मंग इचारते, 'सांगा, ३० च्या वर कितीजणी गेल्या?' एकच! बाकीच्या चौघी खालीच. मधातली बाई पाहा म्हणे, २४ वाली, तो मध्यक. मी जलमभर कापूस वेचला, पण एका बाईनं साऱ्यायची सरासरी चढते हे मले त्या दिवशी समजलं."

"शाळेत तं हे धडा उरकूनच टाकला म्हणे."

"उरकतेच. भाग १ च्या पुस्तकात सांख्यिकी साऱ्यात शेवटी, सहावं प्रकरण. तवरी परीक्षा डोक्यावर येते. अन् पोट्ट्यायले वाटते, २० मार्क शाळेच्या हातचे हायेत, पाहून घेऊ. भाग १ चे ४० अन् भूमितीचे ४० कोण देईन?"

"फी किती घेते जी?"

"ते तूच इचार, माह्या तोंडून नको. पण पाठवायचं तं सोमवारपासूनच पाठव, अन् कोरी वही दे. गाइड घेऊन आलेल्या पोट्ट्याले ते फाटकातूनच परत धाडते."