झुकता मनोरा: नवशिक्यांसाठी प्राथमिक धडे

साहित्य: पांढरा संगमरवर, चुना, भिंतीच्या पोटात भरायला दगडगोटे, मऊ जमिनीचा एक तुकडा आणि सुमारे दोनशे वर्षे. शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही, म्हणून काम लवकर सुरू करावे. इटलीतल्या पिसाकरांनी ते ११७३ मध्ये केले.

पाया खणताना हात आखडता घ्या. मनोरा ५६ मीटर उंच, वजन साडेचौदा हजार टन आणि पाया जेमतेम तीन मीटर खोल, हे प्रमाण उत्तम. जमीन मात्र नीट पारखून घ्यावी. पिसात वर नदीचा गाळ आणि खाली समुद्राने सोडलेली मऊ चिकणमाती आहे. एवढे जमले की ओळंबा खिशात ठेवून द्या. पुढचे काम माती बघून घेते.

तीन मजले चढले की काम बंद करा. हा या पद्धतीचा आत्मा आहे, आणि आपल्याकडे तो वेगळा शिकवावा लागणार नाही. ११७८ च्या सुमारास पिसाचे काम थांबले ते जवळजवळ शंभर वर्षे. शेजाऱ्यांशी लढाया चालू होत्या, असे कारण देतात. कारण काहीही असो, त्या काळात वरच्या ओझ्याने चिकणमातीतले पाणी हळूहळू पिळून निघाले आणि माती घट्ट झाली. त्या वेळी काम वेळेत पूर्ण झाले असते तर मनोरा आडवा झाला असता, असे आजच्या अभियंत्यांचे गणित सांगते. दिरंगाईचा इतका सज्जड फायदा स्थापत्याच्या इतिहासात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

१२७२ मध्ये पुन्हा फळ्या बांधा. तोवर मनोरा उत्तरेकडे किंचित कललेला होता; वजन वाढताच त्याने मत बदलले आणि दक्षिण धरली. गवंड्यांनी घाबरू नये. ज्या बाजूला खचतोय त्या बाजूची भिंत थोडी उंच घ्यावी, की वरचा मजला सरळ दिसतो. प्रत्येक पिढीने अशी डागडुजी केल्यामुळे मनोरा नुसता कललेला नाही, केळ्यासारखा वाकलाही आहे. चौदाव्या शतकात सर्वांत वर घंटाघर चढवले, तिथे हा हिशेब उघडाच पडला आहे: सातव्या मजल्याच्या कठड्यावरून आत जायला उत्तरेकडे चार पायऱ्या, दक्षिणेकडे सहा. दगडात कोरलेली इतकी प्रामाणिक कबुली सरकारी बांधकामात मिळणार नाही.

आता थोडे शास्त्र. वजनाच्या मध्यातून सोडलेली उभी रेघ पायाच्या आत पडली तर वस्तू उभी राहते, हे शाळेत शिकलात. पिसाचा कल साडेपाच अंशांवर गेला तेव्हाही ती रेघ मध्यापासून दोन मीटरहून थोडीच सरकली होती, आणि पाया तर वीसेक मीटर रुंद. मग भीती कसली? मातीची. कल वाढला की दक्षिणेच्या कडेवर भार वाढतो, भाराने माती आणखी दबते, माती दबली की कल वाढतो. शाळेतल्या आकृतीत जमीन दगडासारखी घट्ट काढलेली असते. खरी जमीन तशी नसते.

दुरुस्तीचा धडा सावकाश वाचावा. १८३८ मध्ये गेरार्देस्का नावाच्या वास्तुविशारदाने रुतलेले खांब लोकांना दिसावेत म्हणून तळाभोवती चर खणला; आत पाणी घुसले आणि मनोरा आणखी झुकला. पुढे मुसोलिनीच्या राजवटीत पायाला शेकडो भोके पाडून सिमेंट भरले. मनोरा पुन्हा दक्षिणेकडेच गेला. १९९० मध्ये तो पर्यटकांसाठी बंद झाला. मग उत्तरेच्या बाजूवर शिशाच्या ६०० टन लाद्या रचल्या. त्या दिसायला वाईट, म्हणून जमिनीत खोल नांगर रोवायचे ठरले आणि खोदताना पाणी येऊ नये म्हणून द्रव नायट्रोजनने माती गोठवली. सप्टेंबर १९९५ मधल्या एका रात्री मनोरा एरवी वर्षभरात सरकायचा तेवढा सरकला. शिसे ९०० टनांवर गेले.

अखेर कामी आली ती युक्ती अशी: जी बाजू खचत नाही, तिच्याखालची माती काढा. उत्तरेला तिरप्या नळ्या घालून त्यांतल्या स्क्रूने थोडी थोडी माती उपसायची, पोकळी आपोआप दबू द्यायची, मोजमाप बघायचे आणि मगच पुढची खेप. १९९९ ते २००१ या काळात अशी सुमारे ३८ घनमीटर माती निघाली आणि माथा ४५ सेंटीमीटरच्या आसपास मागे आला. त्यापुढे हात लावू नये. सरळ मनोऱ्यासाठी तिकीट कोण काढेल?

भूकंपाची चिंता नको. उंच, ताठ मनोरा आणि मऊ जमीन या जोडीमुळे तो हादऱ्याच्या तालात सापडत नाही, म्हणून ज्या मातीने पाडायचे ठरवले तिनेच वाचवले, असे संशोधक म्हणतात.

पहिल्या प्रयत्नात नाव झाले नाही तरी नाउमेद होऊ नका. पिसातच सान निकोला आणि सान मिकेले या चर्चांचे मनोरेही झुकलेले आहेत, आणि त्यांच्यासमोर हात पसरून फोटो काढायला फारसे कुणी थांबत नाही.