तपकिरी पाखरांचा माणूस

ऑस्ट्रेलियात पक्षी बघायला डोळ्यांना फारसे कष्ट पडत नाहीत. पांढरेशुभ्र काकाकुवे व्हरांड्याच्या कठड्याचं लाकूड कुरतडत बसतात, गुलाबी-करडे गला थव्यांनी धान्याच्या कोठारापाशी गोंधळ घालतात, कुकाबरा तर आपल्या हातातला सॉसेज उचलून नेतो. इतके रंगीत आणि निर्लज्ज पक्षी आपणहून कॅमेऱ्यासमोर येत असताना न्यू साउथ वेल्सच्या खेड्यापाड्यांत एक माणूस हमखास भेटतो, जो या सगळ्यांकडे पाठ करून एका झुडपाकडे टक लावून उभा असतो. झुडपात काहीतरी हललेलं असतं. ते तपकिरी असतं.

हा माणूस साठीच्या पुढचा. निवृत्त शिक्षक, गुरांचा डॉक्टर, नाहीतर लोकरीची प्रत ठरवण्यात हयात गेलेला. टोपीची कड घामाने पांढरी पडलेली, गोचीड चढू नये म्हणून पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, गळ्यात दुर्बीण आणि हातात लांबलचक लेन्स. लेन्सची घरी सांगितलेली किंमत खऱ्या किमतीच्या निम्मी असते. बायकोला ते माहीत असतं, पण तिने स्वतःच्या शिलाई मशीनबद्दल हाच हिशेब केलेला असल्याने विषय निघत नाही.

त्याचं दैवत म्हणजे थॉर्नबिल. लांबी जेमतेम दहा सेंटिमीटर, वजन सात-आठ ग्रॅम, आणि ऑस्ट्रेलियात याच्या डझनभर जाती. ब्राउन थॉर्नबिलच्या कपाळावर फिकट खवले असतात, स्ट्रायेटेडच्या डोक्यावर पांढऱ्या रेघा असतात, आणि कोरड्या मुलखातला इनलँड थॉर्नबिल शेपटी जरा उंच धरतो. भेद एवढाच. पक्षी झाडाच्या शेंड्यात, ऊन त्याच्या मागे, आणि तो एका डहाळीवर एक सेकंद थांबणार. त्यात कपाळ बघायचं की शेपटी, हा ज्याचा त्याचा प्रश्न. त्यात वीबिल नावाचा ऑस्ट्रेलियातला सर्वांत चिमुकला पक्षी त्याच थव्यात घुसतो आणि सगळा निकाल पुन्हा उघडावा लागतो. यलो-रम्प्ड थॉर्नबिल मात्र बिचारा जमिनीवर उड्या मारतो आणि उडताना ठळक पिवळं बूड दाखवून आपली ओळख सांगून टाकतो. त्याच्याबद्दल आपल्या माणसाला आदर नाही. “त्याला कोणीही ओळखेल,” असं तो म्हणतो. घरंदाज गवयाने सिनेमाच्या गाण्याबद्दल बोलावं तसा तो सूर असतो.

फोटोचं तंत्र सांगायला बसला की तुमचा चहा गार. शटर एका सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर, आयएसओ वाढवलेला, बटण दाबलं की तोफखाना. पण कॅमेऱ्याचा ऑटोफोकस पक्ष्यापेक्षा फांदीवर जास्त विश्वास ठेवतो. त्यामुळे निलगिरीच्या पानांच्या सुस्पष्ट फोटोंचा तालुक्यातला सर्वांत मोठा संग्रह याच्याकडे आहे. पुण्याहून आलेल्या आमच्या सासूबाईंना त्याने मोठ्या अभिमानाने एक फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिला आणि म्हणाल्या, “छान आलंय हो पान.” मी भाषांतर करताना थोडं स्वातंत्र्य घेतलं. मग त्याने पानामागची शेपटी दाखवली, तिच्या टोकाजवळची गडद पट्टी दाखवली, आणि सासूबाई माणुसकीने “अरे वा” म्हणाल्या.

रात्री जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरतात. 2017 सालचं जाडजूड ‘ऑस्ट्रेलियन बर्ड गाइड’ असतं, त्याआधीचं पिझी आणि नाइट यांचं असतं, आणि वडिलांकडून आलेलं नेव्हिल केली यांचंही असतं. ते 1931 सालचं आहे आणि त्याचं नावच ‘व्हॉट बर्ड इज दॅट?’. म्हणजे ‘हा कोणता पक्षी?’ या प्रश्नावर या घराण्याच्या दोन पिढ्या अडकलेल्या आहेत.

आवाजावरून ओळखावं म्हटलं, तर ब्राउन थॉर्नबिल पक्का नकलाकार. त्याच्या घरट्यावर करवाँग नावाचा धिप्पाड पक्षी चालून आला की हा दुसऱ्या पक्ष्यांची ‘ससाणा आला’ ही आरोळी हुबेहूब ठोकतो. करवाँग दचकून आकाशाकडे बघतो आणि तेवढ्या वेळात पिल्लं वाचण्याची शक्यता वाढते. कॅनबेराच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी हे 2015 मध्ये प्रसिद्ध केलं. आपल्या माणसाने ते लग्नात, लिलावात आणि किमान एका अंत्ययात्रेत ऐकवलेलं आहे.

सहलीची त्याची कल्पना म्हणजे मैलापाणी शुद्ध करायचे तलाव. मेलबर्नजवळ वेरिबी इथे असे अफाट तलाव आहेत आणि देशभरचे पक्षीवेडे तिथे रीतसर परवाना काढून जातात. लग्नाच्या वाढदिवसाला कुठे नेलं होतं, असं त्याच्या बायकोला विचारू नये.

मी भारतातला हे कळल्यावर त्याने माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. कारण साळुंकी. तिथे तिचं नाव ‘इंडियन मायना’. 1860 च्या दशकात किडे खायला म्हणून तिला मेलबर्नला आणलं, आणि तिने तिथल्या पक्ष्यांच्या ढोल्या बळकावल्या. जणू पिंजऱ्याची कडी मीच काढली होती. “आणलं कोणी?” मी विचारलं. तो प्रामाणिक असल्याने गप्प झाला. चिमण्या, स्टार्लिंग आणि ससे कोणी आणले, हे त्याला चांगलंच ठाऊक होतं.

पण त्याचा खरा शत्रू स्थानिकच आहे: नॉइझी मायनर नावाचा पक्षी. माणसाने रान तोडून मोकळ्या माळावर चार निलगिऱ्या ठेवल्या की या गुंडांचं फावतं. टोळी करून ते प्रत्येक लहान पक्ष्याला हुसकून लावतात. 2014 मध्ये केंद्र सरकारने या दांडगाईची नोंद निसर्गावरच्या प्रमुख संकटांच्या यादीत केली. दाट झुडूप असलं तरच थॉर्नबिल टिकतो. म्हणून तर हा माणूस झुडपाकडे बघत उभा असतो. रस्त्याकडेचं रान ‘साफ’ करायला आलेल्या नगरपालिकेच्या माणसांशी तो भांडतो आणि ओढ्याकाठी कुंपण घालून मेंढ्या बाहेर ठेवा म्हणून शेतकऱ्यांच्या मागे लागतो. त्याला वेडा म्हणत म्हणत दोघातिघांनी कुंपण घातलंसुद्धा.

मला त्याच्या वहीतली एक नोंद सगळ्यांत आवडते: ‘थॉर्नबिल, जात अनिश्चित.’ गावातल्या पबमध्ये पाऊस, लोकरीचा भाव आणि पंतप्रधान यांबद्दल प्रत्येकाला सगळं नक्की माहीत असतं. एवढी लेन्स, एवढी पुस्तकं आणि एवढे फोटो जवळ असून ‘नक्की सांगता येत नाही’ असं लिहून खाली सही करणारा तिथे हा एकटाच.

त्याचा एकच दोष सार्वजनिक आहे. गाडी चालवताना तो रस्त्याकडे सोडून सगळीकडे बघतो. तेव्हा केपर्टी दरीत किंवा मडजीच्या रस्त्यावर पुढची चिखलाने माखलेली यूट, म्हणजे पिकअप गाडी, कारणाशिवाय थांबली, तर हॉर्न वाजवू नका. मागून ट्रक येत नाही ना ते बघा आणि सावकाश वळसा घालून पुढे जा. पण काच खाली करून ‘काय दिसलं?’ असं मात्र विचारू नका. तो सांगेल.