काळीवरचं अंगण

ज्या लातूरला २०१६च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीनं पाणी आलं, त्याच लातुरात आज माझी तक्रार आहे की अंगणातलं पाणी जात नाही. ही तक्रार मी चारचौघांत करत नाही. लोक मारतील.

पहिली गाडी आली तेव्हा दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. आमच्या दारातली हरळी मात्र तोवर जळून गेली होती. तिच्यावर घागर रिकामी करायला कुणाचा हात धजणार? पुढं पाऊस आला, नळ आले, पण हिरवळीचं नाव काढलं की बायकोला रांगेतल्या घागरी आठवत. शेवटी प्लास्टिकचं गवत आणायचं ठरलं. ‘याला पाण्याचा थेंब लागत नाही,’ दुकानदार म्हणाला. खरंच बोलला. वरून पडलेल्या पाण्याला जायला वाट लागते, एवढंच बोलला नाही.

या गवताची कुळकथा मी नंतर वाचली. अमेरिकेत ह्यूस्टनला १९६५ साली बेसबॉलसाठी छप्पर घातलेलं मैदान बांधलं. छपरातून येणाऱ्या उजेडानं खेळाडूंना चेंडू दिसेना, म्हणून काचा रंगवल्या. खाली खरं गवत मेलं. मग १९६६मध्ये तिथं कृत्रिम गवत अंथरलं आणि जगभर त्याचं नाव झालं. म्हणजे छपराखाली नाव कमावलेलं गवत मी मृगाच्या तोंडी आणून ठेवलं, तेही काळ्या मातीवर.

काळी माती हा आमच्याकडे अभिमानाचा विषय. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, त्याचा खडक झाला आणि तो झिजून ही माती झाली. हिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते आणि वाळली की आक्रसते. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की नातवाची गोटी आत गेली ती गेलीच. पहिल्या सरींना ती भेगांतून घटाघटा पाणी पिते. मग फुगते, तोंड मिटते आणि तासाला पाचेक मिलिमीटरसुद्धा आत घेत नाही.

आमच्या कंत्राटदारानं अंगण वीतभर उकरलं, मुरूम भरला, धुमसून घट्ट केला, वर कच पसरली आणि गवत अंथरलं. वीस बाय पंधराचं अंगण, दिसायला लग्नाच्या मांडवासारखं. पण काळ्या मातीत वीतभर उकरणं म्हणजे परात मांडणं, हे त्याला सुचलं नाही आणि मला तर नाहीच. एका रात्री पन्नास मिलिमीटर पाऊस झाला. हिशेब केला, तर तेवढ्या जागेत चौदाशे लिटर पाणी पडलेलं. सात पिंपं! गवताच्या पाठीला भोकं होती. पाणी त्यांतून शहाण्यासारखं खाली गेलं आणि परातीत बसून राहिलं. सकाळी पाय ठेवला, तर गवत पाण्यावरच्या गादीसारखं हललं. चौथ्या दिवशी वास सुटला. पाचव्या दिवशी खालून बेडूक ओरडला. प्लास्टिकच्या गवतात खरा बेडूक आल्यानं नातू खूश होता.

कंत्राटदार म्हणाला, शोषखड्डा घ्या. घेतला. काळ्या मातीत शोषखड्डा म्हणजे रांजण. तो भरला आणि भरलेलाच राहिला.

मग सांगलीकडचे मेहुणे आले. त्यांच्या भागात उसाला पाणी पाजून पाजून जमिनी चिबडतात, आणि त्या सुधारायला लोक शेतात भोकांचे पाईप गाडतात. ते गवतावर दोन पावलं चालले आणि म्हणाले, ‘‘दाजी, रान चिबडलंय की हो तुमचं!’’ घरासमोरच्या तीनशे फुटांना कुणी रान म्हणालं, की आपण शेतकऱ्याचे नातू आहोत हे आठवतं.

सगळं गवत गुंडाळलं. लेव्हलची नळी धरून गटाराच्या बाजूला उतार काढला, वीस फुटांत अडीच इंच. डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला कळतो. खालच्या कडेला दीड फूट चर खणला, त्यात जिओटेक्स्टाईल कापड, वर धुतलेली खडी, खडीत चार इंची भोकांचा पाईप आणि कापडाची घडी पुन्हा वरून. कापड नसेल तर काळी माती खडीत घुसून सगळं बुजवते. मिस्त्रीनं भोकं वरच्या बाजूला ठेवली होती. मेहुण्यांनी पाईप फिरवून भोकं खाली केली. पाणी चराच्या तळाशी साचतं आणि तिथून चढत पाईपात येतं, म्हणून. मिस्त्रीनं तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. अंगणातली कचही काढून टाकली. गवताखाली आता बारीक खडी आहे.

याला ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात. मी फ्रान्सची कल्पना करत होतो; पण निघाले हेन्री फ्रेंच नावाचे अमेरिकन वकील, आणि त्यांचं १८५९ सालचं पुस्तक निघालं शेतातल्या निचऱ्याचं. मेहुण्यांनी ते वाचलेलं नाही. त्यांना गरज नव्हती.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच आठवायला हवी होती. आमच्या आजोबांच्या बोलण्यात गावाचे दोन भाग असत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. काळीत घर बांधायचं नाही, ती हलते. आम्ही एनए करून काळीचे प्लॉट पाडले, भिंतींना गेलेल्या तड्यांवर पुट्टी लावली आणि अंगणाला प्लास्टिकची हिरवी शाल घातली.

परवा परतीचा पाऊस झाला. आम्ही सगळे छत्र्या घेऊन फाटकाशी उभे. पंधरा मिनिटं काहीच नाही. मिस्त्रीचं तोंड सरळ होऊ लागलं होतं, तेवढ्यात पाईपातून आधी गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. धार पडू लागली. समोरचे शेजारी धावत आले, पाईपाकडे बघत राहिले.

‘‘सर, बोअर मारला का? किती इंची लागलं?’’

उत्तर येण्याआधीच ते घागर आणायला आत गेले होते.