राजश्री सुपरचार्जर यांस अनावृत पत्र

प्रति,
राजश्री सुपरचार्जर,
मु. बॉनेटखाली, दापोली, जि. रत्नागिरी.

विषय : आसूदच्या चढावात झालेल्या शोभेबाबत.
संदर्भ : आपली शीळ आणि मागच्या एसटीचा हॉर्न.

महोदय,

आपण आलात आणि दापोलीत आमची हवा झाली. केळसकर नाक्यावर गाडी उभी केली की दोन-चार पोरं जमतात. ‘काका, बॉनेट उघडा ना!’ मी उघडतो. इंजिनाच्या पट्ट्यावर ऐटीत फिरणारे आपण त्यांना दिसता. टाकीतला पेट्रोलचा पंप दाखवा, असं आजवर एकही पोर म्हणालेलं नाही. तेव्हा झाल्या प्रकारात आपला काही दोष नाही, हे आधीच लिहून देतो. मोठ्या माणसांचा नसतोच.

त्या संध्याकाळी हर्णैच्या लिलावातून सुरमई घेऊन निघालो होतो. सपाटीला गाडी लोण्यासारखी. आसूदचा चढ लागला, मी पाय दाबला, आपण शीळ घातलीत आणि गाडी झटके देऊ लागली. आधी मिसिंग, मग पिकअप गेला, मग पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी इंजिनात टकटक. मागची एसटी हॉर्न देत पुढे निघून गेली. एसटी, महाराज! खिडकीतल्या आजीबाईंनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही. डिकीत सुरमईवरचा बर्फ वितळत होता.

आमच्या गावात सल्ल्याला तोटा नाही. एक म्हणाला, प्लग बदला. दुसरा म्हणाला, पेट्रोलात पाणी आहे. तिसरा म्हणाला, सुपरचार्जरला लहान पुली लावा, तो जोरात फिरेल, आणखी हवा मिळेल. हा तिसरा आपला भक्त. माणूस धापा टाकतोय, तर त्याला आणखी पळवा, असं त्याचं वैद्यक.

आपलं घराणं थोर, यात वाद नाही. १८६० साली अमेरिकेत रूट्स बंधूंनी हवा फेकणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पुढे त्या यंत्रांनी भट्ट्यांना वारा घातला. १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजने सुपरचार्जर लावलेल्या गाड्या मांडल्या. म्हणजे मुळात आपण लोहाराचा भाता. आता भाता कितीही जोरात मारला, तरी कोळसा नसेल तर राखच उडते.

हिशेब साधा आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलं की हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन आठ-नऊ टक्के जास्त. त्यात आपण अर्ध्या बारचा दाब देऊन जवळजवळ दीडपट हवा कोंबता. मग पेट्रोलही दीडपट यायला नको? शिवाय आपला दाब इंजेक्टरच्या तोंडावर उलटा बसतो. म्हणून इंधनाचा दाबही आपल्याबरोबर अर्धा बार चढावा लागतो. तो चढला नाही तर मिश्रण लीन होतं, आतलं तापमान भडकतं, टकटक सुरू होते आणि मालक हट्टी असेल तर शेवटी पिस्टनला भोक पडतं.

आमचे मिस्त्री कमी बोलतात. म्हणाले, ‘हवेचं नंतर बघू. आधी नळाला पाणी येतंय का बघू.’ त्यांनी इंधनाच्या नळीला गेज जोडलं, लांब पाइप बॉनेटच्या फटीतून बाहेर काढला आणि गेज पुढच्या काचेवर चिकटपट्टीने चिकटवलं. तसेच पुन्हा आसूदच्या चढावर. काटा ३ बारवरून साडेतीनवर जायला हवा होता. आपण शीळ घातलीत आणि काटा सव्वादोनवर येऊन थरथरत राहिला.

फिल्टर बदलला, फरक शून्य. रेग्युलेटरची नळी तपासली, धड होती. मग त्यांनी पंपाला थेट बॅटरीची वायर दिली. काटा साडेतीनवर जाऊन बसला! पंप निर्दोष होता, उपाशी होता. चालू इंजिनावर बॅटरीला १३.८ व्होल्ट, पंपापाशी पोचत होते १०.६. वाटेतले तीन व्होल्ट कोण खातंय?

मागची सीट उचलली. बॉडीला बोल्टने आवळलेली अर्थिंगची रिंग, रुपयाएवढीसुद्धा नाही. खारी हवा आणि पावसाळे पिऊन ती शेवाळासारखी हिरवी झाली होती. करंट कमी, म्हणून पंप मंद, म्हणून पेट्रोल कमी. सपाटीला पेट्रोल लागतं थोडं, त्यामुळे तिथे सगळं झाकून गेलं. पॉलिश पेपरने रिंग घासली, जाड वायर आणि वेगळा रिले टाकला, वर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवलं. व्होल्ट १३.४. दुसऱ्या दिवशी आसूद एका दमात.

महोदय, आपल्याला कशाला बोलू? मांडवाची झालर वाढवायची आणि पंगतीला भात पुरेल का ते विचारायचं नाही, ही रीत माझीच. आपल्यावर खर्च केला तेव्हा त्या वायरकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तरी कळविण्यात येते की, भर चढावात गेजचा काटा साडेतीनवर टिकतो याची खात्री होईपर्यंत लहान पुलीचा अर्ज विचारात घेतला जाणार नाही.

परवा नाक्यावर पोरं जमली, तेव्हा बॉनेटऐवजी मागची सीट उचलून दाखवली. एकाने वाकून पाहिलं आणि म्हणाला, ‘काका, इथं तर काहीच नाही.’

आपला नम्र,
गाडीमालक

प्रत सविनय सादर : पंप, मु. टाकी. (आपल्याला थंडावा पेट्रोलचाच, हे उशिरा कळलं. यापुढे टाकी पावच्या खाली जाणार नाही.)