कपाटाचा सीमाप्रश्न

भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण आणि तिकडे कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद, या मराठी बोलणाऱ्या पट्ट्यातील कोणत्याही गल्लीत सकाळी शाळेची गाडी येऊन उभी राहिली, म्हणजे तिच्या दारापाशी ज्या मूर्तीचे दर्शन घडते, तिचे वर्णन कोणा ग्रंथकाराने अद्याप केलेले नसले तरी ती सर्वांच्या नित्य परिचयाची आहे. अंगात टाचेपर्यंत पोहोचणारा, आपला मूळ रंग धुण्याच्या दगडाला कधीच अर्पण करून बसलेला फुलाफुलांचा गाऊन. त्या गाऊनची अब्रू राखण्यासाठी खांद्यावरून आडवी घेतलेली ओढणी, आणि ऐन वेळी ओढणी न सापडल्यास टॉवेल. फणीशी ज्याचा अलीकडे संबंध आलेला नाही असा अंबाडा व त्यात खोवलेली धाकट्याची पेन्सिल. एका हातात डबा, दुसऱ्या हातात मोजा, आणि तो मोजा ज्या पायात जावयाचा त्या पायाचा धनी काखेत. ही आमची वैनी. तिला स्वतःचे नाव आहे, परंतु ते रेशनकार्डावर. गल्लीत ती थोरल्या लेकाच्या नावाने पुकारली जाते आणि त्या नावाला ओ देण्याची तिला आता पुरती सवय झाली आहे.

हीच वैनी कॉलेजात असताना ओढणीच्या किनारीला पिको मनासारखा झाला नाही म्हणून उदगीरच्या दुकानदाराशी हुज्जत घालीत असे, आणि ब्लाऊजचे कापड साडीच्या रंगाशी तंतोतंत जुळावे एवढ्यासाठी मॅचिंग सेंटरमधील मुनिमाला सारे गठ्ठे उलगडायला लावून, शेवटी ते कापड दारात उन्हात नेऊन पाहत असे, असे सांगितल्यास तिच्या मुलांचा विश्वास बसणार नाही. मग लग्न झाले, कपाट आले, आणि पाठोपाठ दोन बाळंतपणे आली. बाजेवर पडल्या पडल्या शेक, शेगडी, पोटाला घट्ट बांधलेले जुने लुगडे आणि डिंकाचे लाडू यांचा असा काही बंदोबस्त होतो, की त्या चाळीस दिवसांत बाळंतिणीने वेशभूषेचा विचार करावा ही कल्पनाच अधर्म्य ठरते. त्यानंतरचा ऱ्हास मात्र कोणाच्या हुकमाने होत नाही. तो हप्त्याहप्त्याने होतो. लेकराने कानातला झुबा ओढला, झुबा डबीत गेला. मंगळसूत्राचा चोखण्यासाठी उपयोग होऊ लागला, ते आखूड करून गळ्याशी बांधले गेले. टाचणी टोचेल म्हणून साडीला टाचणी नाही, आणि टाचणीवाचून साडी सावरत नाही म्हणून साडीच नाही. पांढरा, मोतिया, अबोली हे रंग हद्दपार झाले व त्यांच्या जागी ज्या एकमेव वर्णाची सत्ता प्रस्थापित झाली, त्याला आमच्याकडील बायका मळखाऊ म्हणतात. पालकाची भाजी, पेढा, शाई आणि आयुर्वेदिक काढा या चतुर्विध आक्रमणांना जो रंग निमूटपणे आपल्या उदरात सामावून घेतो, तो मळखाऊ. त्याचे नाव कोणत्याही चित्रकाराच्या पेटीत नसते.

याचा अर्थ कपाट रिकामे होते असा मात्र कोणी करू नये. ते बंद होत नव्हते, इतके भरलेले होते. आमच्या सरहद्दीवर आहेराची चाल महाराष्ट्रातल्याहून कडक आहे, कारण इथल्या माणसाचे सोयरे लातूरला, सोलापूरला, हैदराबादेस आणि कलबुर्गीस असे चहूकडे विखुरलेले असून प्रत्येक बाजूची लग्नसराई त्याच्या अंगावर येऊन कोसळते. बारसे, जावळ, वास्तुशांत, मुंज, साखरपुडा, प्रत्येक प्रसंगी वैनींच्या ओटीत एक साडी व एक पीस पडायचेच. यातील बहुतेक साड्या नेसण्यासाठी निर्माण झालेल्या नसून देण्यासाठी निर्माण झालेल्या असतात. घडी न मोडता, वर्षानुवर्षे, घरोघर प्रवास करणारी अशी एखादी मोरपंखी साडी मूळच्या दात्याच्याच दारी जेव्हा परत येते, तेव्हा ती स्वीकारताना त्या माउलीच्या चेहऱ्यावर आनंदाचा जो भाव उमटतो, तो रंगभूमीवरच्या कसलेल्या नटीलाही साधणार नाही.

या परिस्थितीला तोंड फुटले ते शाळेच्या पालकसभेच्या निमित्ताने. इयत्ता पहिलीत शिकणारे थोरले चिरंजीव आदल्या रात्री जेवताना, विशेष काही घडत नसल्यासारख्या सुरात म्हणाले, "मम्मी, उद्या तू येऊ नको. अज्जीला पाठव. अज्जी छान दिसती." सासूबाईंनी नऊवारी इरकल नेसून, कपाळभर कुंकू लावून सत्तराव्या वर्षीही आपला रुबाब सोडलेला नव्हता, ही गोष्ट खरीच; तथापि सत्य हे सासूच्या पक्षाचे असले की ते पचविण्यास फार जड जाते. त्या रात्री वैनी भांडी घासताना एक शब्द बोलल्या नाहीत, यावरून दादांनी, म्हणजे वैनींच्या यजमानांनी, काय ते ओळखावयास हवे होते. परंतु दादा वृत्तपत्र वाचीत होते.

दुसऱ्याच दिवशी पुण्याच्या नणंदेला फोन गेला. नणंदबाई अशा विषयांत अद्ययावत असतात. त्यांनी सांगितले की हल्ली जगात मोजकेच कपडे ठेवण्याची रीत आहे. एकमेकांशी जुळणारे थोडेसे निवडावेत, बाकीचे निष्ठुरपणे काढून टाकावेत. ही रीत नणंदबाईंना हल्लीची वाटली तरी ती अर्धशतकापूर्वीची आहे. लंडनमधील सूझी फो नावाच्या दुकानदारीणबाईंनी १९७० च्या दशकात तिचा पुरस्कार केला, आणि न्यूयॉर्कच्या डोना कॅरन यांनी तर १९८५ साली अवघ्या सात वस्त्रांत नोकरदार स्त्रीचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा सारा कारभार बसवून दाखविला. या विदुषींच्या बुद्धिमत्तेविषयी मला यत्किंचितही शंका नाही. परंतु त्यांच्यापैकी कोणालाही चुलत जाऊ नव्हती, असे मानण्यास जागा आहे. सात साड्या आमच्या वैनींना एका वैशाखात येतात, आणि त्यांपैकी एकही टाकून देता येत नाही, कारण देणारी पुढच्या हळदीकुंकवाला ती कोठे आहे याची डोळ्यांनीच चौकशी करते.

तरीही वैनींनी कपाट उपसले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमच्या बीदर जिल्ह्याची जी त्रिस्थळी वाटणी झाली, म्हणजे उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि खुद्द बीदरसह भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसुरात, तिचा इतिहास वैनींनी परीक्षेपुरताच वाचला असेल. पण त्यांनी पलंगावर जे तीन ढीग मांडले, ते पाहून जुन्या मुलकी खात्यातील एखाद्या पेशकाराच्या डोळ्यांत पाणी आले असते. पहिला ढीग नेसायच्या साड्यांचा. तो फारच लहान होता. दुसरा द्यायच्या साड्यांचा. तो गादीवरून घसरून खाली आला. तिसरा ढीग 'बारीक झाल्यावर' या सदराखाली मोडत होता, आणि सगळे भांडण त्याच ढिगात होते. त्यात कॉलेजातले दोन पंजाबी ड्रेस होते, साखरपुड्याचा नारायणपेठीवरचा ब्लाऊज होता, आणि एक जीनची पँटही होती, जी फक्त महाबळेश्वरला घातली गेली होती व जिच्याविषयी सासूबाईंना आजतागायत काही ठाऊक नव्हते.

ठाऊक नव्हते, असे वैनी समजत होत्या. कारण इतक्यात सासूबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि एकसदस्य आयोगाचे काम सुरू झाले. "कामून काढू लालीस ह्ये समदं?" अशी प्रस्तावना करून त्यांनी पलंगाच्या कडेला बैठक मारली व एकेक वस्त्र हातात घेऊन निवाडा द्यावयास आरंभ केला. सुती असेल ते वाकळीला. रेशमी असेल ते नणंदेच्या लेकीला. जे दोन्ही नसेल ते बोहारणीला, आणि तिच्याकडून निदान झाकणाचा डबा तरी आला पाहिजे, पातेल्यावर समाधान मानावयाचे नाही. जीनची पँट त्यांनी दोन बोटांत धरून क्षणभर पाहिली, आणि "माबळेश्वरची न्हवं का ही?" एवढेच विचारून वाकळीच्या ढिगात टाकली. वैनींनी तक्रार नोंदविली, दादांची साक्ष काढली; दादांनी आपल्याला काही आठवत नाही असा जबाब दिला. महाराष्ट्र-म्हैसूर सीमावादावरील एकसदस्य महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, तो महाराष्ट्राने फेटाळला, आणि २००४ पासून तो वाद सर्वोच्च न्यायालयात आहे; वैनींची पँट त्याच दिवशी संध्याकाळी वाकळीच्या ढिगातून उचलली जाऊन ट्रंकेच्या तळाशी गेली, आणि त्या प्रदेशाचा ताबा तूर्त कोणाकडे आहे याविषयी उभय पक्ष मौन बाळगून आहेत.

आता राहिला शिंप्याचा प्रश्न, आणि खरी गोम तिथेच होती. आमच्याकडे बायका शिंप्याला मापे देत नाहीत, मापाचा ब्लाऊज देतात. वैनींचा मापाचा ब्लाऊज लग्नाच्या आदल्या वर्षी शिवलेला होता. पहिल्या बाळंतपणानंतर त्यांनी तोच दिला, दुसऱ्यानंतरही तोच दिला, आणि शिवून आलेला ब्लाऊज अंगात बरोबर बसतो हे पाहून आपल्यात काहीच फरक पडलेला नाही असा निष्कर्ष काढला. बाजारातल्या बोळात चाळीस वर्षे मशीन चालविणारे मास्टर या अवधीत एक अक्षर बोलले नव्हते. ते दर खेपेला तो जुना ब्लाऊज मापाला घेत, उलटून शिवणीतली माया पाहत, मनाशी काही बेरीज करीत आणि आपल्या अदमासाने वाढवून कापीत. एवढी शालीन माणसे कचेऱ्यांत असती, तर निम्मे दावे उभेच राहिले नसते.

परंतु या वेळी वैनी जुना ब्लाऊजच दुरुस्तीला घेऊन गेल्या होत्या. मास्टरांनी तो उलटा केला. बगलेखालच्या शिवणीत पूर्वी दोनदा उसवल्याच्या खुणा, सुईच्या बारीक छिद्रांच्या दोन समांतर ओळी, स्पष्ट दिसत होत्या. आणि त्यांच्या पलीकडे कापडाची कड. मास्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "वैनी, अब छोडनेकू कपडाच नै बचा," ते अत्यंत खेदाने म्हणाले.

वैनी घटकाभर उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनी जे केले ते या गल्लीतल्या सुनांमध्ये क्वचितच कोणी केले असेल. पिशवीतून त्यांनी नवे कापड काढले आणि म्हणाल्या, "टेपनं घ्या माप." आतून मास्टरांची सून आली, तिने टेप लावला, मास्टरांनी पाठ फिरवून वही उघडली. एरवी मापे मोठ्याने सांगावयाची व पोऱ्याने ती लिहावयाची असा दस्तूर. परंतु वैनींची नजर पाहून सुनेने आकडे कानात सांगितले आणि मास्टरांनी ते आपल्या जुन्या वळणाच्या उर्दू अंकांत टिपून ठेवले. भर बाजारात ठेवूनही कोणी वाचू शकणार नाही, एवढी सुरक्षित तिजोरी वैनींना अन्यत्र मिळाली नसती. त्याच भरात त्यांनी दोन साधे सुती कुडतेही शिवायला टाकले आणि प्रत्येकाला उजव्या बाजूस खोल खिसा लावावा असे फर्मावले. "लेडीज कपडेकू जेब?" मास्टर चकित झाले. चावी, रुमाल, गाडीवाल्याचे सुटे पैसे, धाकट्याचे तोंडातून काढलेले चॉकलेट आणि फोन या पाच वस्तू कमरेला खोचून हिंडणाऱ्या बाईने खिसा मागावा यात चकित होण्यासारखे काय आहे, ते मला कळत नाही. पुरुषांच्या सदऱ्याला तीन तीन खिसे असतात आणि त्यात बहुधा एक बिल असते.

येळवसेच्या आदल्या रात्री ब्लाऊज आला. मार्गशीर्षाच्या अमावास्येला आमच्याकडे सारी माणसे शेतात जातात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, भज्जी, उंडे आणि आंबील यांवर तुटून पडावयाचे असते, आणि सोयऱ्याधायऱ्यांसमोर नव्याने मिरवायला याहून मोठी उघड्यावरची सभा नाही. वैनी त्या दिवशी आजेसासूची इरकल नेसल्या होत्या. अंग निळसर काळे आणि पदर लाल. त्या पदराचा ताणा अंगाच्या ताण्याला फासे घालून मागावरच जोडलेला असतो, म्हणून तो जोड एवढ्या वर्षांत उसवला नव्हता. त्यावर नवा ब्लाऊज, कानांत डबीतून बाहेर पडलेले झुबे, अंबाड्यात पेन्सिलीऐवजी शेवंती. थोरले चिरंजीव दोनदा येऊन आईकडे पाहून गेले. सासूबाईंनी वरपासून खालपर्यंत निरखून "आंबील वाढ" एवढेच म्हटले. त्यांच्या भाषेत ही प्रशस्तीच होय.

पंगत बसली असताना धाकट्याने आईच्या पाठीवर चढून, मानेशी टाचणीने लावलेली आणि काढावयाची राहून गेलेली एक चिठ्ठी ओढली व ती नेऊन थेट अज्जांच्या हातात दिली. अज्जा म्हणजे नव्वदीला टेकलेले आजेसासरे. निजामाच्या अमलात त्यांनी उर्दू शाळेत धडे गिरविले होते, आणि १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर त्या विद्येला गिऱ्हाईक उरले नव्हते. एवढ्या वर्षांनी, शेतात, त्या लिपीचा कागद हाती पडल्यावर त्यांना जो हर्ष झाला तो अवर्णनीय होता. आणि त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे ते सर्वच गोष्टी पूर्ण आवाजात वाचीत. "कमर," त्यांनी तर्जनी ठेवून खड्या स्वरात सांगितले, "सैंतीस!"

कोपीत शांतता पसरली. चुलत जावेने पदर तोंडाला लावला. "डिंक लागू पडला म्हनायचा," सासूबाई म्हणाल्या.

वैनींनी आणखी एक उंडा आपल्या ताटात घेतला, त्यावर भज्जी वाढून घेतली आणि म्हणाल्या, "अज्जा, खाली तारीखबी आसंल बगा, ती बी वाचा. पुढच्या येळवशीला रुजू घालून बघता येईल."

अज्जांनी तारीख वाचली.