बातमीतला लोंढा

माणूस पोटासाठी गाव सोडून निघाला की बातमीत त्याचं पाणी होतं. एकटा असला तरी 'लोंढा'च. गोरखपूरहून आलेला मुंबईवर 'आदळतो'. आपला भाचा न्यू जर्सीवर कधी आदळत नाही. तो 'झेप घेतो', आणि रविवारच्या पुरवणीत सूटबुटातला फोटो चौकटीत येतो.

१४ एप्रिल २०२०ला गावी जाण्याच्या आशेने टाळेबंदीत अडकलेले मजूर वांद्रे स्टेशनबाहेर जमले. काही चॅनेलांच्या कॅमेऱ्यांना आधी काय दिसलं? शेजारची मशीद. एवढं थोरलं स्टेशन, पण ते दिसायला वेळ लागला. मग ८ मे. जालन्याहून भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवरच झोपले असताना मालगाडीखाली गेले. आणि चर्चेत प्रश्न काय, तर रुळांवर कुणी झोपतं का हो? वातानुकूलित खोलीत, पोट भरलेलं असताना सुचावा असाच प्रश्न. विखुरलेल्या चपात्यांचा फोटो मात्र पानात झकास बसला.

हे काही फक्त आपलंच नाही म्हणा. फेब्रुवारी २०२२मध्ये युद्ध पेटलेल्या कीव्हमधून एका अमेरिकी वार्ताहराने सांगून टाकलं की हे इराक-अफगाणिस्तान नव्हे, त्यामानाने सुसंस्कृत शहर आहे! म्हणजे निर्वासितांतही सोवळं-ओवळं आलं. त्याने पुढे माफी मागितली. आपल्याकडे त्या वेळेला जाहिरात असते.